आत्याचा ळ

ग्वाल्हेरची माझी आत्या 82 वर्षांची. आजीच्या वहीतला कुळाचार ती कॉम्प्युटरवर उतरवतेय. हळद, तांदूळ, नारळ, पुरणपोळी, पानापानावर ळ. तिकडे दुकानातला मुलगा म्हणाला, "ल लिख दीजिए, चल जाएगा." आत्या म्हणाली, "ल म्हणणारं अख्खं शहर आहे. घरात तरी ळ राहू दे!"

काही अडलं की मी बडोद्याहून रिमोटने तिच्या स्क्रीनवर जाते. परवा मी एल दाबला की त उमटायचा, एच दाबला की प. आमचं रिमोट अक्षर नाही, बटण पाठवतं; अक्षर तिचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड ठरवतो. म्हणून माझ्याकडे इंग्रजीच ठेवली, मराठी फक्त तिच्याकडे, आणि बटणं तिच्या पद्धतीने दाबली. एन म्हणजे ल, शिफ्ट धरून एन म्हणजे ळ.

मधेच अक्षरांऐवजी भलतंच काही व्हायला लागलं, तर कंट्रोल नि ऑल्ट एकेकदा दाबून सोडा. नेट अडखळलं की ती तिकडे दाबलेलीच राहतात.

आता बोडणाचं पान झालंय. तुमच्याही घरी अशी वही असेल, तर सांगणारं माणूस आहे तोवर उतरवून घ्या. ळ सकट.