फाइल उघडी, फोल्डर बंद

एफटीपी हा शब्द ऐकला की हल्लीची पोरं अशी बघतात, जणू मी कॅसेट प्लेयरबद्दल बोलतोय. चूक त्यांचीही नाही म्हणा. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ साली एफटीपीचा सपोर्ट काढून टाकला. पण मंडळी, हा म्हातारा अजून जिवंत आहे! आणि त्याचा पहिला मसुदा लिहिणारा माणूस आपल्याकडचा आहे, हे किती जणांना माहीत असतं? अभय भूषण. आयआयटी कानपूरमधून शिकून एमआयटीत गेलेला इंजिनिअर. १६ एप्रिल १९७१ रोजी आरएफसी ११४ नावाचा कागद त्याने काढला. दोन वेगळ्या कॉम्प्युटरांनी एकमेकांच्या फाइल्स कशा द्याव्या-घ्याव्यात, एवढंच त्यात होतं. तेव्हा इंटरनेट हे नावसुद्धा रुळलेलं नव्हतं.

आता एवढं नमनाला तेल कशासाठी, तर यंदाच्या २० मार्चला मी चवदार तळ्यापासून जवळच एक एफटीपी सर्व्हर चालवला. इंटरनेटशिवाय.

मी महाडचा. नोकरीला पुण्यात. २० मार्चला महाडात किती गर्दी होते, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. एसटीने, ट्रकने, टेम्पोने राज्यभरातून माणसं येतात, तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात, पुस्तकं विकत घेऊन परत जातात. दुपारपर्यंत मोबाइलला रेंज नावाची गोष्ट राहत नाही. आमच्या ओळखीच्या मंडळाचा पुस्तकांचा स्टॉल असतो. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले, त्यांच्या पीडीएफ पेनड्राइव्हवर फुकट भरून द्यायच्या, सोबत स्कॉलरशिपचे फॉर्म आणि स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, अशी त्यांची कल्पना. लॅपटॉप चार. प्रत्येकावर वेगळ्या फाइल्स, वेगळ्या आवृत्त्या, नुसता गोंधळ! म्हटलं, एका लॅपटॉपवर सगळं ठेवू, एक जुना राऊटर लावू, बाकीचे तीन त्याच्याकडून घेतील.

सर्व्हर म्हणजे व्हीएसएफटीपीडी. लिनक्सवर एका कमांडमध्ये बसतो. कॉन्फिगमध्ये तीन गोष्टी पाहायच्या. एक, अनामिक लॉगिन चालू करायचं, म्हणजे युजरनेमच्या जागी 'ॲनॉनिमस' लिहिलं की आत. दोन, लिहायची परवानगी बंद ठेवायची, फक्त वाचायची. तीन, पॅसिव्ह मोडसाठी पोर्टांची एक रेंज ठरवून ती फायरवॉलमध्ये उघडायची. कारण पोर्ट २१ वर फक्त बोलणं होतं, फाइल येते ती दुसऱ्या जोडणीतून. नुसतं २१ उघडलं तर लॉगिन छान होतं आणि फाइल्सची यादी मागितली की सगळं ढिम्म. एफटीपीमध्ये पासवर्ड उघड्यावरून जातो हा त्याचा मोठा दोष. पण इथे पासवर्डच नाही, तर चोरणार काय?

एवढं झाल्यावर लॅपटॉपच्या मालकाने, आमच्या मंडळातल्या काकांनी, स्वतः तपासलं. "चाललंय रे, सगळ्या फाइल्स उघडतायत." शेजारच्या लॅपटॉपवरून मी अनामिक म्हणून शिरलो. 'पुस्तके' हा फोल्डर दिसला. क्लिक केलं. ५५०, फोल्डरमध्ये जाता येत नाही.

लिनक्सवाल्यांना हे ओळखीचं असेल. आतल्या प्रत्येक फाइलवर सगळ्यांना वाचायची परवानगी होती. पण वाटेतला 'पुस्तके' फोल्डर काकांच्या खात्यातून कॉपी होऊन आला होता, आणि त्यात पाय ठेवायची परवानगी फक्त मालकाला होती. नियम असा की फाइलपर्यंत जायच्या वाटेवरचा प्रत्येक फोल्डर तुम्हाला आत जाऊ देणारा हवा. मधला एक जरी बंद असला, तरी पलीकडची फाइल कितीही 'सार्वजनिक' असो, तुमच्यासाठी ती नाहीच. एक सीएचमॉड मारला, काम झालं.

काका म्हणाले, "पण मला तर दिसत होतं की!"

"तुम्ही मालक आहात ना काका. तुम्हाला दिसणारच."

आणि मग दिवसभर माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना.

कारण आम्ही बसलो होतो त्या तळ्याची गोष्ट हीच आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. म्हणजेच सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुले. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर दोन्ही परवानग्या हिरव्यागार! तीन वर्षं गेली, तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही. कौन्सिलचा फोल्डर उघडा, पालिकेचा उघडा, आणि गावाचा बंद.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब परिषदेतल्या लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट क्लायंटच्या बाजूने झाली. उत्तर लगेच मिळालं. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परत निघालेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. नंतर शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं गेलं. ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला, डिसेंबरमध्ये कोर्टाची तात्पुरती मनाई आली. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. दहा वर्षं लागली. तुलना इथेच सोडतो, कारण सीएचमॉडला एक सेकंद लागतो आणि त्यात कोणाचं डोकं फुटत नाही.

आमच्या घरात सांगतात की पणजोबा त्या दिवशी तिथे होते. पुरावा काही नाही. आजी सांगायची, म्हणून आम्ही सांगतो.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात मी आणि ऑफिसातला मित्र फ्लॅट शोधत होतो. फोनवर एका मालकाने आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अहो, रूम कालच गेली." अर्ध्या तासाने मित्राने स्वतःच्या आडनावाने फोन केला. रूम होती. डिपॉझिटमध्ये सूटही होती! मित्राला खरंच धक्का बसला. "अरे, मला वाटायचं आता असं काही राहिलं नाही." त्याच्यावर मी चिडलो नाही, पण उत्तरही देता आलं नाही. आता देता येईल. रूटने लॉगिन केलं की प्रत्येक फोल्डर उघडाच दिसतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला ५५० कधी येतच नाही. परवानगी तपासायची असेल तर ज्याला ती नव्हती त्याच्या खात्यातून तपासावी लागते. दुसरा मार्ग नाही.

असो. स्टॉलवर दुपारी एक वाद झाला. काकांनी रजिस्टर आणलं होतं. पेनड्राइव्ह भरून घेणाऱ्याचं नाव, गाव, सही. "किती जणांनी नेलं ते मंडळाला दाखवायला नको का?" मुद्दा रास्त होता. पण मला तिथे, त्या तळ्यापाशी, काही देण्याआधी नाव विचारायचं नव्हतं. म्हटलं, काका, सर्व्हर प्रत्येक डाउनलोडची नोंद लॉगमध्ये ठेवतो. आकडा मी देतो, नावं कशाला? काकांनी थोडा विचार केला आणि रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं.

चारच्या सुमारास पोलादपूरकडची एक मुलगी आली, बारावीची असेल. पेनड्राइव्ह पुढे केला. प्रश्नपत्रिका आणि पहिला खंड हवा होता. भरून दिल्यावर पर्स उघडत म्हणाली, "दादा, काही लिहून द्यायचं का? आधार कार्ड आणलंय."

"काही नको."

ती क्षणभर थांबली, खरंच नको ना म्हणून. मग गेली.

फाइल कितीही जणांनी नेली तरी मूळ फाइलीचा एक बाइटही कमी होत नाही, विटाळत तर नाहीच. पाण्याचंही तेच होतं.

पुढच्या वर्षी फोनवाल्यांसाठी पायथनचा एका ओळीचा वेब सर्व्हरही लावायचा विचार आहे, म्हणजे ब्राउझरमधूनच घेता येईल. तुमच्याकडे जुना राऊटर पडून असेल तर फेकू नका. आणि काहीही 'सगळ्यांसाठी खुलं' केलंत की एकदा दुसऱ्याच्या मशीनवरून, दुसऱ्याच्या लॉगिनने आत जाऊन बघा. भेटू पुढच्या शनिवारी.