वर्गात राहणारा आकडा

सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांपुढे सुधारणेचं शास्त्र मांडायचं असलं की मी फळ्यावर तीन प्रश्न लिहितो. आपल्याला नेमकं काय साधायचंय? केलेल्या बदलाने सुधारणा झाली, हे कशावरून ओळखायचं? आणि काय बदलून पाहता येईल? पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नावर केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे जवळपासच्या शाळांमधल्या शिक्षकांच्या बैठकीत, भरभरून बोललं जातं. दुसऱ्याशी आलो की गुरुजी आणि बाई सावध होतात. साहजिक आहे. पट, पोषण आहार, चाचणीचे गुण... आकडा म्हणजे आज संध्याकाळपर्यंत वर पाठवायची गोष्ट, हाच त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. परत येतो तो बहुधा शेरा.

म्हणून मी हजेरीपासून सुरुवात करतो. रोजची हजेरी कागदावर टिंबाने मांडायची, टिंबं जोडायची, एवढंच. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली टेलिफोनच्या कारखान्यासाठी जो आलेख काढला, त्याचं हे अगदी साधं रूप. रेघ वरखाली होतच असते. आठवडी बाजाराच्या दिवशी दोन-चार मुलं कमी, हे नेहमीचं; त्यावरून बाईंना बोल लावण्यात अर्थ नाही. पण दिवाळीच्या सुमारास रेघ खाली येते आणि खालीच राहते, तेव्हा कारण वेगळं असतं. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. पहिल्या घसरणीला उपायच नको आणि दुसरीला वर्गातला उपाय पुरत नाही. मूल आजीकडे राहील की हंगामी वसतिगृहात, हे पालकांशी आधीच बसून बोलावं लागतं. हा फरक शिक्षकांना मनातून माहीत असतोच. आलेखामुळे तो दुसऱ्याला दाखवता येतो, आणि मला या शास्त्रातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

बदल मात्र लहानच करून पाहायचा. वाचनाची नवी पद्धत सगळ्या वर्गाला लावण्याआधी चार मुलांबरोबर आठवडाभर करून बघा, शनिवारी त्यांच्याकडून वाचून घ्या, मग ठेवायची की बदलायची ते ठरवा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेही आधी आपल्याच वर्गात; राज्याच्या पुस्तकांत ते नंतर आले. २०२० च्या जागतिक शिक्षक पुरस्कारापासून सगळे त्या कोडबद्दल विचारतात. विचारायला हवं ते त्याआधीचं. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांना पुस्तकाची भाषाच अडते, हे त्यांनी हेरलं आणि धडे कन्नडमध्ये आणले. तुमच्या गावात मुलांचं अडतं कुठे?

अमेरिकेत अँथनी ब्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ च्या ‘लर्निंग टू इम्प्रूव्ह’मध्ये शाळांनी एकमेकींना जोडून घेऊन शिकावं, असं आग्रहाने मांडलं. आपल्याकडे शिक्षण परिषदेमुळे ही जोडणी तयारच आहे. तिथे फसलेला प्रयोगही मोकळेपणी सांगता यायला हवा. त्यासाठी अधिकाऱ्यांना माझी एकच विनंती असते: हा आलेख बघायला वर्गात जरूर या, पण त्याची प्रत मागवू नका.