आठ मिनिटांचा फरक

आमच्या वर्गातलं भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षं बंद आहे. तरी घंटेच्या आधी पाच मिनिटं मुलांच्या वह्या बरोबर दप्तरात जातात. परवा एकानं विचारलं, "टीचर, वेळेला उर्दूत वक्त. मग तारखेला?" "तारीखच." "सालाला?" "सालच." "मग मराठीत काय म्हणतात?" मला हसू आलं. तारीख अरबीतून आली, साल फारसीतून, आणि उर्दूतली घडी संस्कृतच्या 'घटी'तून. म्हटलं, आपल्या घरचा म्हणावा असा एक टाईमपासच. वर्ग खूश.

पण उसनी फक्त नावं नाहीत, वेळही उसनीच. आपल्या मनगटावर नगरची वेळ नसते. 1906 पासूनची भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. नगर पावणेपंचाहत्तरवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य सरासरी 31 मिनिटं मागे. बारा वाजले म्हणून जेवायला बसणारा खरं तर साडेअकरालाच बसलेला असतो. मुंबईकरांचा फरक 39 मिनिटांचा. त्यांना तो इतका झोंबला, की तिथे 1955 पर्यंत वेगळा 'बॉम्बे टाईम' चालला. हट्ट असावा तर असा.

या हिशोबात नगर आणि मुंबईत साडेसात-आठ मिनिटं उरतात. दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर, त्यामुळे हा फरक बारा महिने तेवढाच. आमच्या घरी तो आठ धरतात, कारण आपा लग्न होऊन कुर्ल्याला गेली.

रमजानमध्ये मगरिबची अजान झाली की अम्मी खजूर तोंडात टाकायची, दोन घोट पाणी प्यायची आणि लगेच आपाला फोन लावायची. समोर ताटलीत भजी, कलिंगड, सगळं मांडलेलं. अम्मी हात लावायची नाही. "तेरा अजून आठ मिनट हय ना, मैं हूं लाइन पे." मग त्या आठ मिनिटांत कोथिंबिरीच्या भावापासून नणंदेच्या पोरांपर्यंत सगळं व्हायचं. पलीकडे अजान ऐकू आली की अम्मी फोन ठेवायची आणि भजं उचलायची. गार झालेलं. अब्बा चिडायचे, "रोजा खुल्या ना तेरा? फिर?" अम्मीला ऐकूच यायचं नाही.

माझा पहिला रोजा 1986 चा, मे महिन्यातला. सात वर्षांची होते. दुपारी तीननंतर मी दर मिनिटाला घड्याळ बघायला लागले, तेव्हा अम्मीनं ते खुंटीवरून काढून उलटं ठेवलं. बघितलं की रोजा लांबतो, म्हणाली. मला ते पटलं होतं. वर्गात परीक्षेच्या वेळी अजूनही पटतं.

हिजरी वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतं, त्यामुळे रमजान सगळे ऋतू फिरून साधारण 33 वर्षांनी त्याच जागी येतो. 2019 मध्ये तो पुन्हा मे महिन्यात आला. तेच ऊन, तेच कलिंगड. अम्मीनं हिशोब घातला आणि म्हणाली, आता पुढच्या फेरीला तू माझ्याएवढी होशील. तिचा तो शेवटचा रमजान.

पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी अजान झाली, मी खजूर खाल्ला आणि फोन हातात घेतलेला होता. कुणी सांगितलं नव्हतं. आता रोजचंच झालंय. आपा म्हणते, "तू खाऊन घे ना, मी काय लहान आहे?" मी म्हणते, "खातेच आहे."

"चावण्याचा आवाज येत नाही तुझा," आपा म्हणते. "अम्मीचाही यायचा नाही."