शनिवार तेल्यांचा ऑइल फिल्टर



मागच्या हिवाळ्यात आमची गाडी सकाळी सुरू करताना खडखडायला लागली. तीन-चार सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज, मग सगळं शांत. गाडी २००५ सालची निसान मायक्रा, संडरलंडच्या कारखान्यात बनलेली. जवळच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने अर्धा मिनिट कान लावला आणि निकाल दिला, "टायमिंग चेन ताणलीय. बदलायला गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येईल. भंगारात द्या."

घरी येईपर्यंत आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही. ऐंशीला टेकलेल्या माणसांनी आता नवी गाडी घ्यायची म्हणजे काय, ते आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. दुकानं, डॉक्टर ह्यांचं एक वेळ कसंही निभलं असतं. पण दर बुधवारी ल्यूटनला बायकडे वालाच्या बिरड्याचा डबा कोण पोचवणार? तिला घराबाहेर पडता येत नाही, आणि बसने जायचं तर दोनदा बदलायची. हिवाळ्यात ते आमच्याने होत नाही.

रात्री बायच्या मुलाला फोन केला. तो कॉव्हेंट्रीला गाड्या दुरुस्तीचंच काम करतो. सगळं ऐकून घेतलंन आणि भलतंच विचारलंन, "मामा, फिल्टर कुठला टाकलायत?"

आता लाज वाटली तरी सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या एका टपरीवर बिननावाचे तीन ऑइल फिल्टर फार स्वस्तात मिळाले होते. तीन पौंडांना एक. दोन वापरून झाले होते, तिसरा गॅरेजच्या फळीवर होता. १९७१ साली आम्ही ह्या देशात आलो तेव्हापासून तेल आम्ही घरीच बदलतो. पहिली गाडी जुनी मिनी होती. तिच्यात इंजिनाला आणि गिअरबॉक्सला तेल एकच, फिल्टरसकट साडेआठ पाइंट. फिल्टर एका धातूच्या वाटीत असायचा, आणि वाटीच्या खाचेतली रबराची जुनी रिंग काढायची राहिली की दारात तेलाचं तळं. दोनदा झालंय ते. शेजारीण अजून आठवण काढते. अशा माणसांना फिल्टरमधलं कळायला हवं होतं, पण तीन पौंड म्हटल्यावर डोळे दिपले.

भाचा पुढच्या रविवारी आला, येताना एक चांगल्या नावाजलेल्या कंपनीचा फिल्टर घेऊन. आठ-नऊ पौंडांचा असेल, त्याने पैसे घेतले नाहीत. आमच्यापैकी जिचे गुडघे अजून धड आहेत तिने खाली वाकून जुनं तेल काढलं, दुसऱ्याने सूचना दिल्या. नवीन फिल्टर बसला. सोमवारी सकाळी किल्ली फिरवली तर खडखड अर्ध्या सेकंदावर आली होती.

मुलांनो, हे कसं झालं ते नीट वाचा. इंजिनाच्या तळाशी तेल साठलेलं असतं. पंप ते वर ओढतो आणि आधी फिल्टरमधून ढकलतो. बाहेरच्या बाजूच्या बारीक भोकांतून तेल आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदातून गाळून निघतं, मधल्या नळीतून पुढे बेअरिंगकडे, चेनकडे जातं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. चांगला फिल्टर त्याच्या निम्म्याहून बारीक कणही बऱ्यापैकी अडवतो. डोळ्यांना न दिसणारी ही कचकच बेअरिंगला खाते.

पण आमचा घोटाळा कागदात नव्हता. फिल्टरमध्ये रबराची एक चकती असते. गाडी बंद झाली की फिल्टरमधलं तेल मागे खाली उतरू नये, म्हणून ती वाट अडवते. ती धड नसेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा. सकाळी पंपाला आधी तो भरावा लागतो, आणि तोवर इंजिन कोरडं फिरतं. आमच्या गाडीची चेन ताणून धरणारा भागही तेलाच्या दाबावरच चालतो. दाब यायला उशीर, म्हणून खडखड.

मग आम्ही गाडीतून काढलेला स्वस्त फिल्टर, फळीवरचा तसलाच कोरा आणि भाच्याने कामावरून आणलेला, वर्षभर वापरलेला चांगल्या कंपनीचा, असे तिन्ही कापून स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर मांडले. (घरात केल्याबद्दल बोलणी बसली.) करवतीने कापू नका, पत्र्याचा कीस आत पडतो आणि मग काही कळत नाही. चकती फिरवून कापायचं हत्यार मिळतं, ते वापरावं.

कागदाच्या घड्या चांगल्या फिल्टरमध्ये जवळजवळ दीडपट होत्या आणि वर्षानंतरही एकसारख्या उभ्या. स्वस्तातल्या घड्या एका बाजूला कलंडून एकमेकींना चिकटलेल्या, म्हणजे तेवढा कागद फुकटच. पण खरी गोष्ट रबराची. वापरलेल्या स्वस्त फिल्टरची चकती वाळलेल्या पापडासारखी, बोटाने दाबली तर वाकेना. कोऱ्यातली मऊ होती, पण बसली होती वाकडी. चांगल्यातली वर्षभर उकळत्या तेलात राहूनही लवचीक. भाचा म्हणाला, ती सिलिकॉनची आहे. साधं नायट्राइल रबर उष्णतेने आणि वयाने लवकर कडक होतं. बाहेरून मात्र तिन्ही डबे सारखेच. रंग तर स्वस्ताचाच जास्त छान होता!

इथे आम्हाला आमचे पूर्वज आठवले. कोकणात आपल्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे. घाण्यावर तेल काढायचं आणि शब्बाथला घाणा बंद ठेवायचा, त्यावरून पडलेलं नाव. घरातली म्हातारी माणसं सांगायची, घाण्याचं तेल आधी निवळू द्यायचं, मग जुन्या धुवट धोतराच्या फडक्यातून गाळायचं. नवं कोरं कापड कामाचं नाही. आणि फडकं किती दिवस चाललं ह्याला महत्त्व नव्हतं, ते गाळतंय की नुसतं वाहू देतंय हे पाहायचं.

फिल्टरचंही तसंच होतं. कागद तुंबला, किंवा थंडीने तेल फार घट्ट झालं, की फिल्टरमधला किंवा इंजिनातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल तसंच पुढे जातं. तेल अजिबात न मिळण्यापेक्षा घाणेरडं मिळालेलं बरं, असा त्यामागे हिशेब. म्हणजे फिल्टर संपला हे गाडी तुम्हाला सांगत नाही. एमओटीतही तो कोणी बघत नाही.

आणि टिकाऊपणा मैलांत मोजणं आपल्यासारख्यांच्या कामाचं नाही. आम्ही वर्षाला जेमतेम तीन हजार मैल फिरतो, तेही दोन-दोन मैल. इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही, तेलात चिखल होतो. डब्यावर दहा हजार मैल लिहिलेला महागडा फिल्टर तीन वर्षं ठेवण्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा मधल्या किमतीचा घ्या आणि दर वर्षी तेलाबरोबर बदला. नाव पाहून विश्वासातल्या दुकानातून घ्या, कारण नकली डबेही निघतात. बसवताना रबरी कडेला बोटभर तेल लावा, हाताने घट्ट करा, पाना लावू नका. नातवंडांनो, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जायचं नाही, आणि तेल गरम असताना तर नाहीच.

भाच्याने खोटं सांगितलं नाही. चेन थोडी ताणलेली आहेच. "पण मामी, ह्या रबराने दोन-तीन वर्षं सहज काढील," म्हणाला. परवाच्या बुधवारी ल्यूटनला जाऊन आलो. बायने डबा उघडून आधी बिरड्यात खोबरं कमी पडल्याची तक्रार केली.

जुनं तेल आणि फिल्टर गटारात किंवा कचऱ्याच्या पेटीत टाकू नका, कौन्सिलच्या टिपवर त्याची वेगळी सोय असते. आमचे कापलेले तीन फिल्टर मात्र अजून टाकलेले नाहीत. गॅरेजमध्ये बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत. कोणाच्या नातवंडांना बघायचे असतील तर रविवारी घेऊन या. हातमोजे आणा, पत्र्याच्या कडा धारदार आहेत.