आंबवणे, मुरणे आणि थांबणे

घरी वाईन करतो असे सांगितले की मराठी माणसाच्या मनात प्रथम हातभट्टी उभी राहते. वास्तविक दारू गाळणे आणि फळाचा रस आंबवणे ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिलीत ऊर्ध्वपातन असते, दुसरीत केवळ यीस्टचे काम. अमेरिकेचा संघीय कायदा विक्री न करण्याच्या अटीवर दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन वाईन करू देतो. शिकागोजवळ राहणाऱ्या आम्हा दोघांची हाव त्यामानाने फारच माफक. आम्ही एक किट आणले.

किट म्हणजे खोक्यात बसवलेला द्राक्षमळा. दाट केलेल्या रसाची पिशवी, यीस्टची पुडी, प्रथिने तळाशी नेणारी बेंटोनाइट माती, सल्फाइट, सॉर्बेट आणि रस नितळ करणारी द्रव्ये. पाणी घालून २३ लिटर करायचे. त्याच्या सुमारे ३० बाटल्या होतात. द्राक्षाचे वाण, तोडणीची वेळ, आम्लाचा तोल हे सारे कोणीतरी आधीच ठरवलेले. मग 'आम्ही केली' असे म्हणण्याजोगे त्यात उरते काय, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

त्याच सुमारास आई सांगलीहून आल्या. द्राक्षे आणि बेदाणे त्यांना नवे नव्हते, पण घरात मद्य होत असलेले त्या प्रथमच पाहत होत्या. आम्हाला त्यांच्या नापसंतीचे भय होते. त्या मात्र आमची धुलाई पाहत बसल्या. बादली, चमचा, नळी, झाकण; प्रत्येक वस्तू सल्फाइटच्या पाण्यातून काढायची आणि मग उगीच कशाला हात लावायचा नाही. "हे तर लोणच्याचं सोवळं," त्या म्हणाल्या. वाईन बिघडवणारे सूक्ष्मजीव असतात, हे लुई पाश्चरने १८६६च्या ग्रंथात मांडले. ओला चमचा बरणीत न घालणाऱ्या बायकांनी तो ग्रंथ वाचला नव्हता, एवढाच काय तो फरक.

उरलेले काम थांबण्याचे. पहिल्या आठवड्यात रस फसफसतो; मग गाळ मागे ठेवून वरचा भाग नळीने काचेच्या बुधल्यात उतरवायचा आणि एअरलॉक लावायचा. बुडबुडे मंदावले म्हणजे काम संपले असे नव्हे. हायड्रोमीटरवर १.०९० पासून उतरलेली घनता ०.९९६ च्या आसपास लागोपाठ दोन-तीन दिवस स्थिर राहिली, तरच आंबणे पुरे झाले असे धरायचे. तोवर मद्यार्क सुमारे १२ टक्क्यांवर गेलेला असतो. त्यापुढे विरलेला वायू ढवळून काढणे, निवळणे, बाटल्या भरणे. ह्यांपैकी एकही टप्पा घाई केल्याने लवकर येत नाही.

विरजण शेजारणीचे आणि दूध गवळ्याचे असले, तरी लागलेल्या दह्याला आपण घरचेच म्हणतो. ते म्हणण्याचा हक्क दुधामुळे येत नाही. स्वच्छ भांडे, योग्य ऊब आणि न हलवण्याचा संयम यांतून तो येतो. किट बाकी सर्व पुरवते, एवढे मात्र त्यात नसते. आणि नेमके तेच आम्ही परदेशी येताना मागे ठेवून आलो असे समजत होतो.

आईंनी वाईन चाखली नाही, आम्हीही आग्रह केला नाही. बाटल्यांवर तारखा मात्र त्यांच्याच अक्षरात आहेत. त्यांतल्या सहा वर्षभर उघडायच्या नाहीत, असा त्यांचा हुकूम आहे.