सुरगाण्याच्या दादा, सांगायचं तर सगळं वर्ष सांगा



२०२७ च्या फेब्रुवारीत जनगणनेचा प्रगणक सुरगाणा तालुक्यातल्या तुमच्या पाड्यावर येईल. तेव्हा तुम्ही घरी असाल असं मला वाटत नाही. फेब्रुवारी म्हणजे दिंडोरी-निफाडला द्राक्षाचा माल निघण्याचे दिवस. तुम्ही बागेच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये असाल आणि दाराला कडी असेल. मागची जनगणना झाली तीही ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत, म्हणजे ऐन हंगामातच. आजवरची पद्धत अशी की गणनेच्या सगळ्या दिवसांत माणूस घरापासून दूर असेल तर त्याची नोंद जिथे सापडेल तिथे होते. शेडपर्यंत प्रगणक पोहोचला तर तुम्ही दुसऱ्या तालुक्यात मोजले जाता. नाही पोहोचला तर कुठेच नाही.

आणि मोजले गेलात, तरी तुमच्या कामाचं काय लिहिलं जातं? २०११ च्या तक्त्यात काम करणाऱ्यांचे चार गट आहेत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातले आणि इतर. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम असेल तर तुम्ही मुख्य कामगार, त्याहून कमी असेल तर सीमांत. तुमचं वर्ष मात्र असं एका रकान्यात बसत नाही. पाऊस पडायच्या आधी तुम्ही राब भाजता, मग भाताची आवणी, उतारावर नागली आणि वरई, वरकस तुकड्यात उडीद, खुरासणी. तेवढे महिने तुम्ही शेतकरी असता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा निरोप येतो, पिकअपमध्ये भांडी, गोधड्या, पोरं चढतात आणि वणीमार्गे तुम्ही बागांकडे निघता. होळीला चार दिवस घरी येता, पुन्हा एप्रिलच्या खरड छाटणीला जाता. कुणी त्याऐवजी नाशिकला सेंट्रिंगच्या कामावर जातो, कुणी राज्याची सीमा ओलांडून वापी-सिल्वासाच्या कारखान्यांत. एका माणसाची ही दोन-तीन कामं. तक्त्यात त्यातलं एकच उरतं.

बागेतल्या तुमच्या कामाबद्दल तर मला खास बोलायचं आहे. ऑक्टोबर छाटणीला तुम्ही काडी हातात घेता, तिची जाडी आणि डोळे बघता आणि किती डोळे राखून कात्री चालवायची ते क्षणात ठरवता. त्या निर्णयावर बागाईतदाराचं वर्ष उभं असतं. पुढे विरळणी, डिपिंग, घडाला कागद, मण्याला हात न लागू देता काढणी. नाशिकचं द्राक्ष युरोपच्या बाजारात जातं ते तुमच्या बोटांतल्या या कसबामुळे. तरी हे कसब येणारा माणूस आणि नुसती माती ओढणारा माणूस, दोघेही कागदावर सारखेच शेतमजूर. तुमच्याजवळ या कामाचं कसलंही प्रमाणपत्र नाही, म्हणून दर ठरवताना तुमच्या बाजूने दाखवायलाही काही नाही.

छाटणीनंतर डोळ्यांना जी पेस्ट लावता तिच्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. ते कातडी भाजतं. ते अंगात गेल्यावर त्या दिवसांत दारू पोटात गेली तर माणूस जिवावरच्या दुखण्यात सापडू शकतो. हातमोजे हा तुमचा हक्क आहे. ते मागायला संकोच करू नका आणि टोळीतल्या पोरांनाही हे सांगा. ज्या कामाची नीट नोंदच नाही, त्यातल्या इजेची नोंद कोण ठेवणार?

तुमच्या घरातल्या बाईचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मुकादम उचल देतो ती बऱ्याचदा जोडप्याच्या हिशेबाने. एकराचा मक्ता दोघांच्या घामाने पुरा होतो आणि पैसे एकाच्या हातात पडतात. कामाचे दिवस मोजताना तिचे दिवस तुमच्या नावात विरून जाऊ नयेत, हे तुम्हीही बघायला हवं.

जाणं तुम्हाला हौसेने सुचलेलं नाही. सुरगाण्यात पाऊस धो धो पडतो, पण नार, पार आणि बाकीच्या नद्या ते पाणी घेऊन पश्चिमेला गुजरातकडे उतरतात आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन ओढ्यात झिरे उकरतात. पाणी नाही म्हणून दुसरं पीक नाही, दुसरं पीक नाही म्हणून हिवाळ्याचं काम नाही. कसत आलेल्या जमिनीचा कागदही अनेकांकडे पुरा नाही. त्यासाठीही मार्च २०१८ मध्ये तुमच्यातले हजारो जण नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले, सोललेल्या पायांनी. २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी मागायला बारा वर्षांनंतरही चालावं लागलं. २०२२ च्या अखेरीला सीमेवरच्या काही गावांनी रस्ते, पाणी, दवाखाना मिळत नसेल तर आम्हाला गुजरातेत घाला असं म्हटलं, त्यामागेही हीच तळमळ होती. आणि २०२४ मध्ये पेसा म्हणजे आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्याच्या क्षेत्रातल्या नोकरभरतीसाठी नाशिकला आंदोलन झालं, कारण तुमच्या शिकलेल्या मुलाला शिक्षकाची, तलाठ्याची नोकरी हाच गावात राहण्याचा एक मार्ग दिसतो.

दुसरा मार्गही तालुक्यातच आहे. बोरगाव, घोडांबे, हातगडच्या बाजूला ज्यांना पाणी सापडलं त्यांनी स्ट्रॉबेरी लावली. सापुताऱ्याच्या रस्त्यावर तिचे ढीग तुम्ही पाहिलेत. तिचा हंगाम हिवाळ्यातला, म्हणजे नेमका द्राक्षाच्या दिवसांतला. तोच माणूस, तेच महिने, फक्त पाणी आल्यावर तो आपल्या वावरात आहे आणि पोरं गावच्या शाळेत आहेत. म्हणून मला वाटतं, तुमच्या रोजगाराचा प्रश्न आधी वावरापर्यंतच्या पाण्याचा आहे. पण तुम्ही कागदावर नुसते शेतकरी असाल, तर हिवाळ्यात तुम्हाला काम नसतं हे दिसतच नाही. जे दिसत नाही त्यासाठी बंधारा मंजूर होत नाही. आणि नाशिक जिल्ह्याची सरासरी काढली की सातपूर-अंबडचे कारखाने, ओझरचं विमानांचं काम आणि तुमचा पाडा एकाच बेरजेत जातात. त्या बेरजेत तुमचा हिवाळा शोधून सापडत नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. प्रगणक भेटेल, पाड्यावर किंवा शेडवर, तेव्हा त्याला एका शब्दात उत्तर देऊ नका. भातात किती महिने, बागेत किती, बांधकामावर किती, हे सगळं सांगा आणि घरच्या बाईचंही वेगळं लिहायला लावा. त्याच्या पत्रकात सगळं मावणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून दुसरी गोष्ट तुमच्या हातातली: दिवाळीआधी ग्रामसभा बोलवा आणि गावाची स्वतःची वही करा. कोण, कुठे, कोणत्या कामाला, किती उचल घेऊन, कोणत्या दराने गेला आणि कधी परतला. पेसा कायद्याने १९९६ पासून तुमच्या ग्रामसभेला मोठा अधिकार दिला आहे. त्या वहीवर ग्रामसभेचा ठराव करा आणि तो तहसीलला, कळवणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाला द्या. बंधारा मागताना, मुलांच्या शाळेची सोय मागताना, मुकादमाशी दर ठरवताना तीच वही पुढे ठेवा. पहिल्या वर्षी पाच घरांची झाली तरी चालेल. पाच घरांचा खरा हिशेब पुढ्यात असला, की अधिकाऱ्याला त्याचं उत्तर द्यावंच लागेल.

तुमचा,
नाशिक जिल्ह्यातला एक लिहिणारा