वीज गेली, उजेड राहिला

थेम्स नदीच्या काठावरचे बंद पडलेले वीजकेंद्र पाडून टाकायचे, की त्यात पुन्हा दिवे लावायचे? लंडनने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते पाहण्यासाठी आज जगभरातून माणसे येतात.

लंडनला जाणाऱ्या आपल्याकडच्या पर्यटकांचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. बकिंगहॅम राजवाडा, बिग बेन, टॉवर ब्रिज, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे आणि वेळ उरलाच तर थेम्समधून बोटीची फेरी. या फेरीत सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट दिसू लागला की सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळतात. त्याच वेळी पाठीमागे, नदीच्या दक्षिण काठावर, तपकिरी विटांची एक अवाढव्य इमारत उभी असते. तिला ना कमानी, ना नक्षी. मधोमध तेवढे एक चौकोनी धुराडे. मुंबईचे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ते मुळीच परके वाटणार नाही.

हे एकेकाळचे बँकसाइड वीजकेंद्र. आज त्याचे नाव आहे ‘टेट मॉडर्न’. आधुनिक कलेचे हे संग्रहालय मे २००० मध्ये सुरू झाले आणि पहिल्याच वर्षी पन्नास लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले. आत काय मांडले आहे यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आज आपण जरा वेगळ्या नजरेने या वास्तूत फिरू या. तिथल्या चित्रांकडे नव्हे, तर त्या चित्रांवर पडणाऱ्या उजेडाकडे पाहत.

धुराड्याचे भाग्य

या इमारतीचे वास्तुरचनाकार होते सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट. नाव ओळखीचे वाटले नाही तरी त्यांची एक निर्मिती तुम्ही नक्की पाहिली आहे. लंडनची ती प्रसिद्ध लाल टेलिफोनची पेटी त्यांचीच. वीजकेंद्राचे बांधकाम १९४७ पासून दोन टप्प्यांत चालले आणि १९६३ मध्ये संपले. थेट सेंट पॉलच्या समोर धुराडे उभे राहणार म्हणून त्या काळी मोठा गदारोळ झाला होता. धुराडे ९९ मीटर उंच झाले, तर समोरचा घुमट १११ मीटरचा आहे. देवाच्या घरापेक्षा विजेचे घर बुटकेच राहिले!

हे केंद्र तेलावर चालत असे. १९७०च्या दशकात तेलाचे भाव कडाडले आणि वीज महाग पडू लागली. अखेर १९८१ मध्ये यंत्रे थांबली. पुढची कितीतरी वर्षे इमारत तशीच पडून होती. ती पाडून त्या मोक्याच्या जागी दुसरे काही बांधावे, असे म्हणणारे थोडेथोडके नव्हते.

१९९४ मध्ये टेट या संस्थेने आपल्या आधुनिक कलासंग्रहासाठी ही जागा निवडली. वास्तुरचनेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला १४८ प्रवेशिका आल्या. निवड झाली ती स्वित्झर्लंडमधील बाझलच्या झाक हेर्झॉग आणि पिएर द मेरॉन या जोडीची. त्यावेळी ही नावे जगात फारशी गाजलेली नव्हती. त्यांच्या आराखड्याचे वैशिष्ट्य एवढेच की, त्यांनी इमारतीत कमीत कमी ढवळाढवळ केली. विटा तशाच, धुराडे तसेच, उंच उभ्या खिडक्याही तशाच. बदलला तो मुख्यतः उजेड.

अंधार राखून ठेवला

पश्चिमेच्या दाराने आत शिरलो की पायाखालची जमीन उताराने खाली जाऊ लागते. बाहेरच्या लख्ख उजेडातून आलेले डोळे हळूहळू निवतात आणि समोर पसरते ते टर्बाइन हॉल. वीज निर्माण करणारी अजस्र यंत्रे इथेच होती. सुमारे १५५ मीटर लांब, २३ मीटर रुंद आणि ३५ मीटर उंच अशी ही जागा. एवढी जागा हाती आल्यावर कुणीही तिचे मजले पाडले असते. इथे ती रिकामी ठेवली आहे आणि थोडी काळोखीही. वरून काचेच्या छतातून दिवसाचा प्रकाश झिरपतो. एका बाजूच्या भिंतीतून काचेच्या लांबट पेट्या पुढे आलेल्या आहेत आणि त्या आतून उजळलेल्या असतात. काळसर पोलादी खांबांच्या पार्श्वभूमीवर त्या जणू अधांतरी तरंगतात. त्यांच्यात उभी असलेली माणसे खालून बाहुल्यांएवढी दिसतात आणि मगच हॉलच्या उंचीचा खरा अंदाज येतो.

देवळात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना उजेड कसा पायरीपायरीने कमी होत जातो, ते आठवा. इथे क्रम उलटा आहे. आधी अर्धवट काळोख आणि मग वरच्या दालनांत शांत, पांढरा उजेड. सगळीकडे सारखाच झगझगाट केला असता तर हा हॉल विमानतळासारखा दिसला असता. कुठे दिवा लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही, हे ज्याला कळले त्याला प्रकाशयोजना कळली, असे इथे मनात येते.

चित्रांनाही ऊन लागते

वरच्या दालनांत मात्र नुसत्या सौंदर्यदृष्टीने भागत नाही. तिथे उजेड मोजून द्यावा लागतो. कारण प्रकाशाने चित्रे विटतात. आपल्या घरातले साधे उदाहरण घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगलेला आजी-आजोबांचा फोटो काही वर्षांत फिकट होतो आणि कपाटातली पैठणी मात्र तशीच्या तशी राहते. उजेडाने झालेली ही झीज साठत जाते आणि ती भरून निघत नाही.

प्रकाश मोजण्याचे माप म्हणजे लक्स. एका मेणबत्तीचा एक मीटर अंतरावर पडणारा उजेड म्हणजे ढोबळमानाने एक लक्स. भर दुपारच्या उन्हात हा आकडा एक लाखाच्या घरात जातो. जगभरातील संग्रहालयांत तैलचित्रांसाठी साधारण २०० लक्स आणि कागदावरची चित्रे, जुने फोटो, वस्त्रे यांच्यासाठी अवघे ५० लक्स पुरेसे मानतात. अतिनील किरण तर गाळूनच टाकावे लागतात. म्हणून संग्रहालयात ‘इथे एवढा अंधार का?’ असे वाटले तर तो कंजूषपणा समजू नका. पुढच्या पिढीच्या वाट्याची ती शिल्लक असते.

टेट मॉडर्नमध्ये ही कसरत मोठ्या खुबीने साधली आहे. इमारतीच्या डोक्यावर काचेची दोन मजली पेटी आडवी चढवली आहे. तिच्यामुळे वरच्या दालनांना भिंतींच्या माथ्यावरून दिवसाचा प्रकाश मिळतो. खालच्या मजल्यांवर छताच्या पातळीतच दुधी काचेची तावदाने बसवली आणि दिवे त्यांच्यामागे दडवले. ना लोंबणारी झुंबरे, ना डोळ्यांत घुसणारे फोकस. वरचा उजेड आकाशाचा की विजेचा, हे चटकन सांगता येत नाही.

मार्क रोथको या अमेरिकन चित्रकाराची कथा तर चटका लावणारी आहे. आपली चित्रे मंद प्रकाशातच पाहिली जावीत असा त्याचा आग्रह असे. त्याने टेटला दिलेली गडद तांबड्या-काळ्या रंगांची नऊ प्रचंड चित्रे लंडनला पोहोचली २५ फेब्रुवारी १९७० या दिवशी. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला. टेट मॉडर्नमध्ये ही चित्रे अनेक वर्षे त्याच्या इच्छेप्रमाणे मंद उजेडाच्या खोलीत होती. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नसे. चार-पाच मिनिटे शांत बसले की रंग आपणहून पुढे येत.

हॉलमध्ये उगवलेला सूर्य

ऑक्टोबर २००३ मध्ये टर्बाइन हॉलमध्ये चक्क सूर्य उगवला! ओलाफुर एलियासन या कलावंताने हॉलच्या टोकाला अर्धवर्तुळाकार पडदा उभारला, त्यामागे सुमारे २०० दिवे लावले आणि छताला आरसे जडवले. आरशात अर्ध्याचे पूर्ण बिंब झाले. हवेत हलके धुके सोडले. दिवे होते रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जातीचे. त्यांच्या एकरंगी प्रकाशात पिवळा आणि काळा सोडून बाकी सगळे रंग नाहीसे होतात. निळा कोट, हिरवी ओढणी, सगळे एकाच रंगाचे. लोक जमिनीवर उताणे पडून आरशातल्या स्वतःला हात करत. मार्च २००४ पर्यंत वीस लाखांहून अधिक लोकांनी हा सूर्य पाहिला.

पुढे २००९ मध्ये पोलंडच्या मिरोस्वाव बाल्काने नेमके उलटे केले. त्याने पोलादाची एक प्रचंड पेटी उभारली. तिच्यात शिरणारा माणूस गडद काळोखात पाऊल टाकी. ज्या हॉलमधून लंडनला वीज गेली, तिथे लोक मिट्ट अंधार अनुभवण्यासाठी येऊ लागले.

या हॉलशी आपलेही नाते आहे. २००२ मध्ये तो जवळपास टोकापासून टोकापर्यंत गडद लाल पडद्याच्या एकाच महाकाय शिल्पाने व्यापला होता. त्या शिल्पाचे कर्ते अनिश कपूर मुंबईत जन्मलेले. २०१६ मध्ये इथे भूपेन खख्खर यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. तेही जन्माने मुंबईकरच.

नाण्याची दुसरी बाजू

२०१२ मध्ये जमिनीखालच्या तेलाच्या गोल टाक्याही कलेसाठी खुल्या झाल्या. २०१६ मध्ये शेजारी दहा मजली नवी इमारत उभी राहिली. तिच्या विटा जाळीसारख्या रचल्या आहेत. दिवसा त्यातून उजेड आत येतो, रात्री बाहेर पडतो.

पण सगळेच काही उजळ नाही. संग्रहालयाने कारखान्याचा रोजगार परत दिला नाही. आजूबाजूला श्रीमंतांचे काचेचे फ्लॅट उभे राहिले. नव्या इमारतीच्या सज्जातून लोक आमच्या घरात डोकावतात, म्हणून तिथले काही रहिवासी न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकलेही! स्कॉट यांच्याच हातून घडलेले बॅटरसी वीजकेंद्र १९८३ पासून ओस पडले होते. ते २०२२ मध्ये उघडले ते दुकाने, कार्यालये आणि महागडी घरे घेऊन.

आपल्याला हे चित्र नवे नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. अनेक गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी होती. त्यांच्या काचा उत्तरेकडे तोंड करून बसवत, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळे आणि कामगाराला तुटलेला धागा दिसे. चित्रकार आपल्या स्टुडिओसाठी नेमका असाच उजेड शोधतात. तो आपल्याकडे फुकट होता आणि छपरांबरोबर तोही गेला. २०१७ मध्ये ससून डॉकच्या गोदामात कलाप्रदर्शन भरले, तेव्हा मुंबईकरांनी केलेली गर्दी पाहता अशा जागांची ओढ आपल्यालाही आहे, हे उघड आहे. उरल्यासुरल्या शेडवर घण घालण्यापूर्वी निदान एकदा आत जाऊन वर पाहायला हवे.

लंडनला गेलात तर सेंट पॉलकडून मिलेनियम पूल पायी ओलांडा. तो थेट टेट मॉडर्नच्या पुढ्यात उतरतो. कायमचा संग्रह पाहायला तिकीट नाही, खास प्रदर्शनांना आहे. डिसेंबरात गेलात तर दुपारी तीनच्या सुमारास आत शिरा. चारच्या आत सूर्य मावळतो. वरच्या काचा हळूहळू निळ्या पडतात आणि भिंतीतल्या पेट्या उजळ दिसू लागतात. बाहेर पडून पुलावरून मागे वळून पाहा. अंधारात विटा दिसेनाशा झालेल्या असतात, आणि इमारतीच्या माथ्यावर उजेडाची तेवढी एक आडवी रेघ उरलेली असते.